सहा तुकडे, पाच जोड

माझी पहिली काठी तुरीच्या पोत्याखाली मेली. मासे धरायची साधी काठी होती, दोन तुकड्यांची, एकेक तुकडा माझ्या छातीपर्यंत येणारा. बॅगेत मावायची न्हाई म्हणून गुलबर्ग्याला बसमध्ये चढल्या चढल्या मी ती सीटखाली सरकवली, आणि हुमनाबादला जाणाऱ्या एका काकानं तिथंच पोतं ढकललं. बारीक कट्ट झालं. मला वाटलं कुणाची बांगडी फुटली.

मी भांडले सुद्धा न्हाई. भांडायला ताकद लागते. सकाळी सहापासून लॅबमध्ये लोकांच्या दंडाला रबर बांधून रक्त काढत उभी होते, दुपारी तशीच पळत स्टँडवर आले होते, आणि बायांचं तिकीट फुकट झाल्यापासून शनिवारची बस म्हणजे लेकीबाळींनी ठासलेली असते. बसायला जागा मिळाली होती हेच लई होतं. काका म्हणले, "काय मोडलं का बाई?" मी म्हणलं न्हाई. बसवकल्याणला उतरून टमटमनं गावात गेले आणि दोन तुकड्यांचे तीन तुकडे मायला दिले. तिनं भेंडीच्या झाडाला आधार म्हणून रोवले.

आता ही काठी मला कामून पाहिजे होती ते आधी सांगते, न्हाईतर पुढचं सगळं येडेपणा वाटंल.

काठी अप्पासाठी होती. अप्पा बोरच्या मोटारी काढायचे. शेतातल्या बोरमधली मोटार जळली की हे जायचे, तीन पायाचा स्टँड उभा करायचे, चेनपुली लावायचे आणि वीस वीस फुटाचे पाइप वर ओढायचे. एक पाइप वर आला की जोड सोडायचा, बाजूला ठेवायचा, पुढचा. शेवटी खालून मोटार यायची. मागच्या वर्षी एका शेतात चेन सटकली, पाइप खाली जायला लागला, आणि अप्पानं तो हातानं धरला. धरायचा नसतो. हे दुसऱ्यांना सांगत त्यांचं आयुष्य गेलं, आणि स्वतः धरला. हाड मोडलं न्हाई, पण उजवा खांदा जाम झाला. हात छातीच्या वर जाईना.

डॉक्टरनं सांगितलं, हात हलता ठेवा, न्हाईतर कायमचा धरून बसंल. भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम दिला. अप्पानं दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी म्हणले, "भिंतीला गुदगुल्या करून पोट भरत न्हाई." झालं. तेव्हापासून अंगणात बाजेवर बसायचे, समोर पत्र्याच्या शेडमध्ये चेनपुली गंजायली ती बघायचे. मी पंधरा दिवसांनी घरी यायचे तेव्हा खांदा आणखी थोडा आत गेलेला दिसायचा. मी रोज दीडशे दंड बघते, मला दिसतं.

आधी आम्ही दोघं रविवारी तळ्यावर जायचो. अप्पा पाण्याच्या बाटलीला नायलॉनचा तंगूस गुंडाळून न्यायचे, टोकाला शिसं, गळाला गांडूळ. ते डोक्यावर गरगर फिरवायचे आणि सोडायचे, शिसं पार मधल्या पाण्यात जाऊन पडायचं. मला कधी तेवढं लांब जमलं न्हाई. आता त्यांना डोक्यावर काही फिरवता येत न्हाई म्हणून तळंच बंद. आणि "अप्पा, व्यायामाला चला" म्हणलं असतं तर ते बाजेवरून हलले नसते. म्हणून मी ठरवलं की काठी माझी म्हणायची. मला शौक लागलाय म्हणायचं. पुढचं बघू.

साधी काठी मोडली हे एका अर्थानं बरं झालं, कारण तिला पण जोरात झटका द्यावा लागायचा. त्या आठवड्यात लॅबमध्ये डबा खाताना मी फोनवर दुसरी शोधायले होते आणि एक व्हिडिओ लागला. कुठल्यातरी थंड देशातली म्हातारी बाई गुडघाभर पाण्यात उभी, हातात लांब बारीक काठी, आणि तिचा खांदा हलतच न्हाई. कोपर अंगाजवळ, नुसता पुढचा हात कानापर्यंत वर, थांबला, पुढं. दोरी हवेत सुटायली. मी तो व्हिडिओ नऊ वेळा बघितला. डबा तसाच राहिला.

त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात. म्हणजे गळाला पिसं आणि दोरा बांधून खोटी माशी करतात. आपल्याकडं शिसं फेकतात आणि दोरी मागून जाते. ह्यात शिसंच नसतं, दोरीच जाड आणि वजनदार असते, दोरी फेकायची. काठीचं वजन किती? रक्ताच्या दहाबारा भरलेल्या नळ्यांएवढं. मी त्या दिवशी खरंच नळ्या हातात धरून बघितल्या.

माझ्यासोबत एक सीनिअर अक्का हाय, कन्नड घरची, मराठी आमच्यापेक्षा भारी बोलते. तिनं फोनमध्ये डोकावून बघितलं. "मीनु बेकू तर बाजारात जा की गं," ती म्हणली, "मासा पाहिजे का नवरा? इतकं तर आमच्या घरी पोरगं बघायला पण निरखत न्हाईत."

खरं होतं. मी तीन आठवडे निरखलं. असल्या काठ्या नऊ फुटाच्या असतात आणि प्रवासासाठी तुकड्यांत मिळतात. चार तुकड्यांची, सहा तुकड्यांची, आठ पण हाय. आता कुणीही सांगंल चार तुकड्यांची घे, जोड कमी. मी पण तेच ठरवलं होतं. मग लॅबमधल्या टेपनं माझी सॅक आतून मोजली. चार तुकड्यांतला एकेक तुकडा सव्वादोन फूट. सॅकमधून वर येणार, आणि वर आलं की बसमध्ये पोतं हायच. सहा तुकड्यांचा एकेक दीड फूट. बरोबर बसतो, वरून चेन लागते. तुरीच्या पोत्यानं माझ्यासाठी निवड करून टाकली.

पण मग सहा तुकड्यांच्याही काठ्या किती असाव्यात. कार्बनची हलकी पण टोक नाजूक. फायबरग्लासची जरा जड, पण दणकट, आणि सावकाश वाकणारी, म्हणजे शिकणाऱ्याला बरी असं लोकांनी लिहिलं होतं. एकीसोबत टोकाचा जास्तीचा तुकडा मिळायचा, तीच मला लई आवडली, पण माझ्या पगारात ती बसत नव्हती. मी ती चार वेळा ऑनलाइनच्या टोपलीत टाकली आणि चार वेळा काढली. लोकांनी लिहिलेलं वाचून तर मी थकून गेले. एकजण लिहितो दोन वर्षं झाली, मस्त हाय. खालचा लिहितो दुसऱ्या दिवशी जोड सुटला. दोघांनी एकच काठी घेतलेली. कुणावर विश्वास ठेवायचा? हातात धरून बघायची तर सोय न्हाई.

तरी एकदा मासळी बाजाराजवळच्या जाळीच्या दुकानात गेले. दुकानातल्या चाचांनी माझा फोन हातभर लांब धरून फोटो बघितला. त्यांच्याकडं तसली काठी नव्हती. त्यांना वाईट पण वाटलं न्हाई. "मच्छीच पकडनी है ना अम्मा? फिर इत्ते तुकडे कायकू?" मी बस सांगितली, पोतं सांगितलं. मग मात्र त्यांनी स्टूल पुढं सरकवलं, आपली एक जुनी काठी जोडून कानाशी हलवून दाखवली आणि म्हणले, "जोड बज्या तो नक्को लेना." जोडात आवाज आला तर घेऊ नको. ही एवढी एक कामाची गोष्ट मला तीन आठवड्यांत कळली, आणि ती ऑनलाइन काठीला लावता येत नव्हती. फोटोतून आवाज येत न्हाई.

त्या शनिवारी घरी गेले तेव्हा अप्पा बाजेवरच होते. मी शेजारी बसून मुद्दाम मायला फोनवरची काठी दाखवायला लागले. मायनं बघितल्यासारखं केलं आणि चुलीकडं गेली. अप्पा समोर बघत होते. लई वेळानं म्हणले, "जोड किती?"

मी पहिल्यांदा ऐकलंच न्हाई. सात महिन्यांत त्यांनी मला जेवलीस का आणि बस कधीची, एवढंच विचारलं होतं.

"पाच," मी म्हणलं.

"आटे हायत का नुसतं खुपसायचं?"

"नुसतं खुपसायचं."

"मग ती काठी न्हाई. गळ्यात घालायची माळ हाय." फोन मागितला. डाव्या हातानं. फोटो मोठा करून एकेक जोड बघितला. "हे काळं कशाचं?"

मी कार्बन सांगितलं. त्यांनी विचारलं करंट धरतंय का. मी शोधलं तर खरंच धरतंय. आमच्या तळ्याच्या कडेनं शेतातल्या मोटारींच्या तारा गेल्यात, आणि नऊ फुटाची काठी वर करायची म्हणल्यावर! तीन आठवडे मी टोक, वजन, तुकडे बघत बसले, आणि तारा माझ्या डोक्यात आल्या न्हाईत. अप्पा म्हणले फायबरची घे, आणि तरी तारेखाली उभं राहू नको. फोन परत दिला आणि पुन्हा चेनपुलीकडं बघायला लागले. मी तिथंच बसून ऑर्डर टाकली. सहा तुकडे, फायबरग्लास, रीळ, दोरी आणि खोट्या माशीसकट, जास्तीचं टोक न्हाई.

पार्सल लॅबच्या पत्त्यावर आलं, आमच्या गावात कुरिअरवाला येत न्हाई. अक्कानं खोकं हलवून बघितलं, म्हणली नवरा हलका हाय. जोडून बघायला जागाच नव्हती, कलेक्शनच्या खोलीत नऊ फूट कुठं उभं करणार. शनिवारी सॅकमध्ये टाकली. चेन लागली. बसमध्ये पोरीबाळींच्या मध्ये उभी राहून आले, सॅक पोटाशी. एका आजीनं त्यावर आपली पिशवी ठेवली, मग कोपर ठेवलं, मग झोपली. काठीला काही झालं न्हाई. मला एवढा आनंद झाला की मला रडायला आलं, किंवा पाय दुखायले होते म्हणून आलं असंल.

घरी पोचले, सॅक बाजेवर टाकली, चहा पण न घेता आडवी झाले. मायनं उठवलं तेव्हा उजाडलं होतं.

काठी भिंतीला उभी होती. अख्खी. नऊ फूट. अप्पानं संध्याकाळी सॅक उघडून जोडली होती. प्रत्येक जोडावर दोन्ही बाजूंना गेरूच्या रंगाचा ठिपका, शेडमधल्या रेडऑक्साइडच्या डब्यातला, म्हणजे पुन्हा जोडताना ठिपक्यासमोर ठिपका यावा. पाइपवर करायचे तसंच. आणि प्रत्येक जोडातून थोडं ग्रीस बाहेर आलेलं, बोटानं पुसून घेतलेलं.

मी शंभर ठिकाणी वाचलं होतं की ह्या काठीचे जोड कोरडे पाहिजेत, फार तर मेणबत्ती घासायची. ग्रीस चालत न्हाई. पण सात महिन्यांत अप्पानं पहिल्यांदा डबा उघडला होता, ब्रश हातात घेतला होता. पाचवा ठिपका वाकडा होता, कारण तो जोड डोक्याच्या वर येतो, तिथं त्यांनी डाव्या हातानं ब्रश लावला असणार. मी म्हणलं, "झकास झालंय की अप्पा."

"जोडाचं बघायला येतो," ते म्हणले. "फेकणार तू."

तळ्यावर गेलो. तारांपासून लांब, मोकळ्या काठाला उभी राहिले. मी व्हिडिओ बघून शिकलेली, म्हणजे काहीच न शिकलेली. पहिल्यांदा दोरी माझ्याच कानाला लागली. दुसऱ्यांदा मागच्या बाभळीत. अप्पा दगडावर बसून बघायले होते, हसले न्हाईत, पण दुसरीकडं बघितलं. तिसऱ्यांदा दोरी खरंच मागं सरळ गेली, मला हाताला ती ओढ कळली, आणि मी पुढं मारली.

वरचे दोन तुकडे दोरीसोबत गेले. आवाजच झाला न्हाई. ग्रीसमधून निसटले, दोरीवरून घसरत पुढं गेले आणि पाण्यात बुडाले. माझ्या हातात चार तुकडे, त्यातून दोरी पाण्यात गेलेली.

जास्तीच्या टोकाची काठी चार वेळा टोपलीत टाकून काढली होती ती मला त्याच क्षणी आठवली. मी दोरी ओढली. अडकली होती. खाली बुडालेली झुडपं असतात. मी आणखी ओढली.

"ओढू नको." अप्पा उठले होते. "सोड. मला दे."

बोरमध्ये पाइप पडला की अप्पाला बोलवायचे. लांब दोराला लोखंडी गळ बांधून तो बोरमध्ये सोडायचा आणि खाली काय लागलं ते नुसतं हाताला समजून घ्यायचं. तीनशे फुटांवरचं. ओढलं की आणखी फसतं. हे मी लहानपणापासून ऐकत आले, आणि तरी ओढत होते.

त्यांनी काठी मला बाजूला ठेवायला लावली आणि नुसती दोरी घेतली. डाव्या हातात, दोन बोटांत. ढिली सोडली. थांबले. थोडी घेतली, पुन्हा सोडली. बराच वेळ काही झालं न्हाई. मग म्हणले, झुडपावर हाय, वरून उचलायला पाहिजे, आडवं ओढलं तर टोक मोडंल. काठाला लव्हाळा होता, दोरी त्याच्या वरून जायला पाहिजे होती. डाव्या हातानं दोरी गोळा करायची, म्हणजे उचलायचं उजव्यानं.

मी पुढं झाले. त्यांनी कोपरानं मला मागं सारलं. उजव्या कोपरानं.

हात छातीपर्यंत आला. थांबला. मला त्यांचे दात ऐकू येतायत असं वाटलं. मग खांद्यापर्यंत आला, आणि आणखी चार बोटं वर. तिथं त्यांनी तो धरला. डाव्या हातानं दोरी थोडी थोडी घेत राहिले. मी श्वास मोजायले होते, लॅबमध्ये पेशंट घाबरला की मोजते तसे. लव्हाळ्यावरून आधी खोटी माशी आली, पिसं भिजलेली, आणि तिच्या मागं दोन तुकडे, आपसात अजून जोडलेले, ठिपक्यासमोर ठिपका.

अप्पा खाली बसले. हात मांडीवर ठेवला, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तुला माहीत होतं," ते म्हणले.

मी व्हय म्हणलं.

"मग बोलायचं न्हाई?"

मी ते दोन तुकडे उचलून त्यांच्या पुढं ठेवले. त्यांनी ओढून विचारलं न्हाई. आपणच सांगायला लागले, कामाचं सांगतात तशा आवाजात, की बोरमधला पाइप आट्यावर धरतो, ग्रीस असतं ते वर्षांनी सोडताना सोपं जावं म्हणून. ह्याला आटेच न्हाईत, हे नुसतं घासून धरतंय. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल घेऊन पाचही जोड आतून बाहेरून पुसले, बोटाला टॉवेल गुंडाळून, वर तळ्याच्या काठची कोरडी माती लावून पुन्हा पुसले. जोडली. कानाशी हलवून बघितली. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

"वाजत न्हाई," ते म्हणले.

मासा एकपण मिळाला न्हाई. अप्पानं एकदा फेकून बघितली, दोरी त्यांच्या पायावरच पडली, आणि मग पुरे म्हणले. घरी आल्यावर मायनं हळद गरम करून खांद्याला लावली आणि मला जे बोलायचं ते बोलली. मला वाटलं संपलं, आता तो हात परत वर जाणार न्हाई. उरलेला रविवार तसाच गेला.

सोमवारी पहिली गाडी पकडायची म्हणून मी लवकर उठले, सॅक भरायला घेतली. काठी भिंतीला तशीच उभी होती. मी वरचा जोड सोडायला गेले तर बाजेवरून आवाज आला. "राहू दे तिला."

"अप्पा, सोडून ठेवायला पाहिजे. तसंच ठेवलं की जोड अडकतात, मग सुटत न्हाईत. लिहिलेलं हाय."

"अडकले तर अडकू दे," ते म्हणले. "तुझ्या बसमध्ये तिचं काय काम हाय?"

मायनं सॅकच्या त्या जागेत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी कोंबली. तीन आठवडे, टेपनं मोजून, एवढं वाचून वाचून डोळे दुखवून मी जी काठी बॅगेत मावावी म्हणून निवडली, ती बॅगेतून एकदाच आली. हुमनाबादच्या पुढं उभ्या उभ्या माझा डोळा लागला.

आता पंधरा दिवसांनी गेले की काठी भिंतीला दिसते, दाराच्या वर निघालेली. माय म्हणते चार वाजले की अप्पा ती घेऊन तळ्यावर जातात. मासळी आणली का विचारलं तर म्हणते दोनदा, चिलापी, बोटाएवढी. हात कानापर्यंत जात न्हाई अजून. त्याच्या खाली थांबतो. मागच्या वेळी मी मुद्दाम हळूच जोड फिरवून बघितला. सुटला न्हाई.